मुकादम शेवटी

रक्ताचा थेंब पट्टीला लागला की ते यंत्र एकदा बारीक वाजतं, मग पाचापासून उलटं मोजतं आणि साखरेचा आकडा दाखवतं. त्या पाच सेकंदांत माणसाचा चेहरा कसा होतो ते मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटले तरी दिसतो. जत्रेतला पाळणा अगदी वर जाऊन थांबतो तेव्हा होतो ना, तसा. आकडा आला की पाळणा खाली. आणि लगेच ठरलेला प्रश्न, "पास का नापास?"

मी आरोग्यसेवक आहे. नाव ऐकून कुणाला फार मोठं काही वाटू नये म्हणून सांगतो. आमचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक नर्सताई आणि एक मी. पूर्वी माझं मुख्य काम हिवतापाचं. ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचेवर रक्त घ्यायचं, काच तालुक्याला पाठवायची. त्यामुळे गावात मला अजून "मलेरियाभाऊ" म्हणतात. पुढे ठरलं की तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासायचा, तोही त्याच्या दारात जाऊन. रोग झाल्यावर गोळ्या देण्यापेक्षा तो येताना वाटेतच गाठायचा. कल्पना चांगली होती, आजही आहे. फक्त ती पायांवर चालवायची होती आणि ते पाय आमचे होते.

मी मूळचा धरणगावकडचा, कापसातला माणूस. नोकरीनं रावेर तालुक्यात केळीत आणून टाकलं. प्रशिक्षणात आम्हाला आहाराचा रंगीत तक्ता मिळाला. त्यावर ठळक सफरचंद, आणि खाली पिझ्झ्यावर लाल फुली. पहिल्याच सभेत एक शेतकरी उठला. म्हणाला, "भाऊ, पिझ्झा आम्ही सोडला. घ्या लिहून. आता केयीचं सांगा." पाठीमागे अख्खी सभा हसली. तक्त्यावर केळी नव्हती आणि मलाही सांगता येईना.

एक आबा होते, तपासणीची तारीख कळली की आठ दिवस आधीपासून कारल्याचा रस घ्यायचे. आकडा चांगला आला की तिथूनच परस्पर जिलबीच्या दुकानात. "पेपर सोपा गेला," म्हणायचे, "आता सुट्टी!" फॉर्मात कंबरेचा घेर लिहायचा रकाना होता. बायकांच्या कंबरेला मी टेप लावणं शक्यच नव्हतं, म्हणून आमच्या गावच्या आशा सेविका कल्पनाताई ते काम करायच्या. एका अक्कांनी त्यांनाही हात लावू दिला नाही. "माही कंबर माह्या नवऱ्यानं कधी मोजली नही, सरकार कोन लागून गेलं?" आणि चहाचं तर विचारूच नका. आमच्याकडे पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर ती मानात कमी पडली असं धरतात. साखरेवर बोलायला जायचं आणि त्याच घरी चमचा उभा राहील असा चहा पिऊन यायचं, अशी आमची रोजची गत.

हे किस्से मी लग्नकार्यात, बैठकीत पुष्कळदा सांगितले. हसवतो चांगलं, असं लोक म्हणतात. एक मात्र कधी सांगितला नाही. बायकोलाही नाही. तो आज लिहितोय. वरिष्ठांना मी लेखी कळवलेलं आहे, त्याचं जे व्हायचं ते होईल. गावाचं नाव लिहीत नाही. नानांचं लिहितो, कारण त्यांनीच सांगितलं, लिव म्हणून.

भिकानाना हे केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, अंगानं दोरीसारखे. केळीची टोळी म्हणजे पंधरा-सोळा माणसं. पहाटे ट्रॅक्टर येतो, त्यात बसून बागेत जायचं. एकानं कोयत्यानं घड तोडायचा, दुसऱ्यानं तो खांद्यावर झेलायचा आणि चिखलातून, पाटातून, बांधावरून रस्त्यापर्यंत आणायचा. मग फण्या वेगळ्या करा, धुवा, खोक्यात भरा, ट्रक लावा. केळीचा चीक अंगावर पडला की काळा होतो आणि कशानंही निघत नाही. टोळीतला माणूस बाजारातसुद्धा त्याच्या सदऱ्यावरून ओळखू येतो.

नानांच्या टोळीचा एक कायदा होता. पाणी आलं की आधी टोळी, मग मुकादम. भाकरी सोडली की आधी टोळी. ट्रॅक्टरवर चढायचं तरी नाना शेवटी. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "शेवटी राह्यलं म्हनजे सारे दिसतात. पुढं चालनाऱ्याले निस्ता रस्ता दिसतो."

या टोळ्या आमच्या यादीतून निसटायच्या. आम्ही घरी जाऊ तेव्हा ते बागेत, ते घरी येतील तेव्हा आम्ही आमच्या गावाला. शिवाय सगळ्यांची ठाम समजूत, राबणाऱ्याला साखर होत नाही, घामातून निघून जाते. खरं सांगायचं तर माझीही अर्धी समजूत तीच होती. दिवसाला टनावारी केळी वाहणाऱ्या माणसाला कसली साखर! तरीही महिन्याचा आकडा पुरा करायचा होता. तीन आठवडे मी नानांच्या मागे लागलो. शेवटी ते म्हणाले, "उद्या या. ट्रॅक्टर घडीभर थांबीन. जास्त नही. पोरं भितात सुईले."

थंडीचे दिवस होते. पॅकिंगच्या शेडसमोर सोळा जण उपाशीपोटी ओळीत उभे. मी साबणाची वडी आणि बादली घेऊन गेलो होतो, कारण बोटाला केळीचा अंश राहिला तर यंत्र साखर जास्त दाखवतं. एकेकाला हात धुवायला लावत होतो. बोटं अशी राठ की सुई दोनदा टोचावी लागायची. टिंगल चालू होती. "मलेरियाभाऊ, याचं रक्त पाहून घ्या, लाल हाये का दारू हाये?" ज्याचं झालं तो ट्रॅक्टरमध्ये चढत होता. नाना ओळीत अर्थातच शेवटी.

बारा जणांचं झालं आणि पट्ट्या संपल्या. पट्ट्यांची दुसरी डबी पिशवीत होती. मी ती उघडली. रिकामी. आदल्या दिवशी दुसऱ्या गावात वापरलेली डबी मी तशीच पिशवीत टाकली होती आणि निघताना साधी हलवूनही पाहिली नव्हती.

पुढे चार माणसं उभी. ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवतोय. "पट्ट्या संपल्या, उद्या येतो," हे चार शब्द तोंडाशी आले. पण मला दिसत होतं, आज असं म्हटलं तर ही टोळी पुन्हा माझ्यासमोर उभी राहणार नाही. तीन आठवडे खर्ची घातले होते. आणि महिना संपायला दोन दिवस होते, तेही खरंच आहे, ते लपवत नाही.

मी तेराव्याचं बोट टोचलं. थेंब काढला. आधीच वापरलेली पट्टी मुठीत धरून तिला थेंब लावल्यासारखं केलं, यंत्राचं तोंड माझ्याकडे फिरवलं. पडदा काळा होता. मी मनात पाच मोजले आणि म्हणालो, "ब्याण्णव. पास." चौदाव्याला एकशे तीन. पंधराव्याला अठ्ठ्याऐंशी. खोटे आकडे लिहायचीही एक रीत असते. ते गोल नसावेत, सारखे नसावेत, फार चांगलेही नसावेत.

मग नाना पुढे आले. हात धुतले, पंच्याला पुसले आणि बोट पुढे केलं. माझ्या यंत्राकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी टोचलं. पाच मोजले.

"नव्व्याण्णव, नाना. पास."

"पास?"

"पास."

ते हसले आणि शेवटी ट्रॅक्टरवर चढले. मी त्यांच्या कार्डावर ९९ लिहून सही केली.

पुढच्या महिन्यात पट्ट्या आल्या. चौघांना पुन्हा तपासायचं मी ठरवलंच होतं. पण टोळी दुसऱ्या गावच्या बागेत गेली होती. नंतर अहवाल पुढे गेला. मग, यांचं झालेलं असताना परत का, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न आला. तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. रिकामा रकाना माणसाला हाक मारत राहतो. खोटा भरलेला रकाना दार लावून घेतो.

दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी कल्पनाताई उपकेंद्रात आल्या. त्या नानांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, गिरजाअक्कांच्या शेजारीच राहायच्या. म्हणाल्या, "भाऊ, काल गंमतच झाली. नाना बागेतून घरी आले ते एकाच चपलेवर. गिरजाअक्का म्हणे, दुसरी कुठी टाकली? नानांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना समजलं! एवढ्या उन्हात, एका पायानं अनवाणी! अक्का अजून हसतेय."

मी हसलो नाही. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, याचा अर्थ मला माहीत होता. साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायांची जाणीव जाते. आमच्याकडे मे महिन्यात डांबर मऊ होतं, आणि त्यावरून हा माणूस अनवाणी चालत आला होता. मी सायकल काढली. नाना खाटेवर बसले होते. तळपायाला भाजल्याचा टरारून फुगलेला फोड, आणि ते त्यावर हळद लावत होते, दुसऱ्याच कुणाच्या पायाला लावावी तशी.

"दुखत नही ना," ते म्हणाले. "दुखलं असतं तं आलो असतो तुमच्याकडं."

यंत्र काढलं. यंत्र वाजलं. पाच सेकंदांनी आकडा आला आणि या वेळी मी यंत्राचं तोंड त्या दोघांकडे फिरवलं. गिरजाअक्का आत गेल्या आणि ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ते कार्ड घेऊन आल्या. "पन भाऊ, तुमीच तं लिवलं व्हतं. नव्व्यान्नव."

जळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. जखम आत गेली होती. उजव्या पायाची पाचही बोटं आणि पुढचा थोडा भाग काढावा लागला. तिथल्या डॉक्टरांना अक्कांनी तेच कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा नॉर्मल असेल, नंतर वाढली. होतं असं."

मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या एका वाक्याच्या सावलीत मी पुढची कितीतरी वर्षं बसून काढली. होतं असं. असेलही. त्या पहाटे नानांच्या रक्तात किती साखर होती हे आता या जगात कुणालाच कळायचं नाही. ते कळण्याची एक वेळ होती आणि त्या वेळी यंत्र माझ्या हातात होतं.

आठवड्याच्या आत मी उरलेल्या तिघांना शोधून काढलं आणि तपासलं. दोघे चांगले होते. तिसऱ्याची साखर वाढलेली निघाली, पण वेळेत. तो आज गोळ्या घेतो, केळी वाहतो, नातवाला खांद्यावर घेतो. त्याला काही माहीत नाही.

आता पुढचं. हे लिहिताना माझी लेखणी जरा अडखळते, कारण जे पाहिलं ते सांगण्याइतके शब्द माझ्याकडे नाहीत.

पावसाळा सरता सरता कल्पनाताईंनी मला पहाटे शेडवर बोलावलं. "या तर खरं," एवढंच म्हणाल्या. शेडच्या दाराशी नाना एका उलट्या कॅरेटवर बसले होते. उजव्या पायात दवाखान्यानं दिलेला जाड तळाचा बूट, शेजारी काठी. समोर जुन्या ट्रॅक्टरचं टायर. टोळीतला एक तरणा गडी त्या टायरवर बसलेला आणि नाना त्याला म्हणत होते, "टाक पाय."

"नाना, नको ना. पाप लागीन मले."

"पाप मले लागीन. वर गेल्यावर जबाब मी देईन. टाक."

आपल्याकडे मोठ्याच्या पायाला लहान्यानं हात लावायचा असतो. इथे साठीकडे झुकलेला मुकादम विशीतल्या पोराचा पाय स्वतःच्या मांडीवर घेत होता. पोरगा लाजेनं मरत होता. बाकीचे खो खो हसत होते. नानांनी पाय उलटा करून बघितला आणि म्हणाले, "कधी धुतला व्हता रे? आता याले हात लावनं म्हनजे खरंच पाप हाये. जाय, धुऊन ये."

तो धुऊन आला. नानांनी तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, काटा, चीर, भेग, फोड. मग म्हणाले, "डोये मीट." आणि आपल्या बोटाचं टोक त्याच्या करंगळीला, नुसतं फूल ठेवावं तसं टेकवलं.

"सांग, कुठी हात लावला?"

"करंगयी."

"आता?"

"अंगठा."

"आता?"

"आता कुठीच नही."

"बराबर. उठ. पुढचा."

हे त्यांना दवाखान्यात समजलं होतं. तिथल्या एका सिस्टरनं त्यांचे पाय असेच तपासले होते. नानांनी तिला विचारलं म्हणे, "एवढंच असतं? मशीन नही, सुई नही? मंग हे आम्हाले आधी कोनी काहून नही सांगितलं?" त्याचं उत्तर नानांनी मग कुणापाशी मागितलंही नाही. घरी आले, टायर मांडलं आणि बसले.

पंधराच्या पंधरा पाय-जोड्या. मी दाराशी उभा राहून मोजत होतो. आमच्या तक्त्यावर, फॉर्मात, महिन्याच्या अहवालात जे नव्हतं ते समोर चाललं होतं. कुणी आदेश काढला नव्हता. एका माणसानं आपला गेलेला पाय बाजूला ठेवला होता आणि दुसऱ्यांचे राहिलेले मांडीवर घेतले होते. मी देवळात फारसा जात नाही. पण त्या दिवशी मी चपला शेडच्या बाहेर कधी काढल्या ते माझं मलाच कळलं नाही.

पहिल्या महिन्यात एकाच्या टाचेत बाभळीचा काटा निघाला, त्याला पत्ताच नव्हता. नानांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मग शेजारच्या टोळीचा मुकादम बघायला आला आणि टायर मागून घेऊन गेला. खोकी भरणाऱ्या बाया म्हणाल्या, आमचे पाय काय लाकडाचे हायेत? त्यांच्यात गिरजाअक्का बसू लागल्या. मला आता कुणाच्या मागे लागावं लागत नव्हतं. पहाटे उपकेंद्राच्या पायरीवर माणसं उपाशीपोटी बसलेली असायची. मी पिशवी भरताना प्रत्येक डबी हलवून बघत होतो. आजही बघतो.

आणि प्रत्येक नव्या माणसाला नाना सांगायचे, "भाऊकडं जाय. भाऊ बरा मानूस हाये." ते वाक्य ऐकलं की मी मान खाली घालून रजिस्टर उघडायचो. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं तर नानांचा माझ्यावरचा विश्वास जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी, की नाना काही बोलणारच नाहीत.

मग माझी बदली झाली. धुळे जिल्ह्यात, तापीच्या काठच्या एका गावात. खरं सांगतो, सुटलो असं वाटलं. नवीन गाव, नवीन रजिस्टर.

दुसऱ्याच आठवड्यात कापूस वेचायला निघालेल्या बायकांचा टेम्पो गावाबाहेर उभा होता. एक वयस्क अक्का गाठोड्यावर बसलेली, आणि एका तरुण सुनेचा पाय तिच्या मांडीवर. सून पदरात तोंड लपवून हसत होती. सासूनं सुनेच्या पायाला हात लावलेला मी तरी आयुष्यात पाहिला नव्हता. मी सायकलवरून उतरलो.

"अक्का, काय चाललंय?"

"पाय देखी ऱ्हायनू," अक्का मान वर न करता अहिराणीत म्हणाल्या. "डोया मिच वं. आते सांग."

"कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

"रावेरकडे एक नाना शे म्हनतस. मना भाऊ केयीना ट्रकवर शे, त्यानी सांगं. आते आमना गावमा बठ्ठा लोकस्ना पाय देखतस."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "त्या नानांचं काय झालं होतं?"

अक्कांनी आता माझ्याकडे पाहिलं. "त्याले सरकारना कागदवर साखर नव्हती. पास व्हता. तरी पाय गया. म्हनीसन आम्ही कागदवर भरोसा नही ठेवतस, पाय देखतस."

माझी सही त्या कागदावर होती. ती माझ्या आधी तापीच्या काठानं या गावात येऊन पोचली होती. मी लिहिलेला एक खोटा आकडा आणि त्या माणसानं त्याचं केलेलं हे. कुठल्या ट्रकवर बसून, किती गावं ओलांडून आलं असेल! टेम्पो निघून गेला. मी सायकल धरून तिथेच उभा. छाती भरून आली होती, आणि ती कौतुकानं की लाजेनं, ते वेगळं काढता येत नव्हतं.

त्या रविवारी मी पहिल्या एसटीनं निघालो. धुळे, जळगाव, रावेर. शेडवर पोचलो तेव्हा टोळी कामावरून परत येऊन पांगत होती. नाना कॅरेटवर बसलेले. मला पाहून त्यांनी टायरकडे बोट केलं. "बसा भाऊ. धुळ्यानं तं बारीक केलं तुमाले."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्ट्या संपल्या तिथपासून. रिकामी डबी, मुठीतली जुनी पट्टी, काळा पडदा. नव्व्याण्णव मी मनानं लिहिले नाना, असं म्हणालो. नंतर जळगावला डॉक्टर म्हणाले ते ऐकून गप्प बसलो, तेही सांगितलं.

नाना काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बारा येळा वाजलं व्हतं."

मला समजलं नाही.

"तुमचं मशीन. बारा येळा वाजलं. आमच्या चौघाच्या येळेले नही वाजलं. मी मुकादम हाये भाऊ. गाडीत पडनारे घड मी पाठ फिरवून, आवाजावर मोजतो."

"म्हणजे तुम्हाला... तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"मग बोलला का नाही, नाना?"

"पोराईसमोर तुमाले उघडं पाडलं असतं तं पुन्हा एकानंही बोट देलं नसतं. हे एक." ते थांबले. काठी बाजूला ठेवली. "पन ते काही खरं कारन नही. मीबी भेलो व्हतो. बाप माहा असाच गेला, पाय सडून. तुमी पास म्हनले, मले बरं वाटलं. न वाजलेल्या मशीनचा आकडा मी ट्रंकेत ठेवला न् गिरजाले सांगितलं, जपून ठेव. कोनी ईचारलं की कागद दाखवे. तुमी लिवला, मी मानला. दोघानं मिळून केलं ते. एकटे काहून घेऊन फिरता?"

मी खाली वाकलो आणि त्यांच्या पायाला हात लावायला गेलो. हात उजव्या बुटावर पडला.

"तो नको," नाना म्हणाले. "त्याले काही समजत नही. या पायाले लाव."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला एकेरीत बोलले.

मी त्यांचा डावा पाय धरला. भेगाळलेला, स्वच्छ धुतलेला, चिकाचे जुने डाग तसेच. वर पाहिलं तर नानांनी डोळे मिटले होते. तेव्हा मला समजलं की ते थांबलेत. मी सगळा हात काढून घेतला आणि नुसतं एका बोटाचं टोक, ते लावायचे तसं, त्यांच्या करंगळीला टेकवलं. त्या पायातही जाणीव किती उरलीय हे मला ठाऊक नव्हतं. मनात आपोआप उलटे आकडे सुरू झाले. पाच. चार. तीन. ट्रॅक्टरचा आवाज लांब जात होता. दोन.

"करंगयी," नाना म्हणाले. मग डोळे न उघडताच, "आन् हात किती थंडा हाये रे तुहा. चाल घरी. गिरजा चाय टाकीन. बिनसाखरेचा भेटीन, सांगून ठेवतो."